शुश्रूषा आणि सनद

रुग्णालयाच्या कक्षात डॉक्टरांना आपण त्यांच्या पदवीने हाक मारतो, झाडलोट करणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतो आणि परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतो. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, तो मुळात मठातून रुग्णालयात आला याची आठवण फारशी कोणाला राहिलेली नाही. युरोपात कित्येक शतके रुग्णांची सेवा प्रामुख्याने धर्मभगिनींच्या हाती होती. त्यांचा वेश बदलला, मठाची भिंत मागे पडली, परंतु हाक तीच राहिली. तिच्यात आदर आहे, जिव्हाळा आहे, आणि ख्रिस्ती माणसाला तिचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे.

तथापि, या हाकेत एक सोयही दडलेली आहे. बहिणीकडे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. बहिणीच्या कष्टांचे मोल ठरवायला कोणी बसत नाही. बहिणीने प्रेमळ असावे, रात्री जागावे, चिडू नये, एवढीच आपली अपेक्षा असते. तिने आणखी शिकावे, असे मात्र क्वचितच कोणाला वाटते. म्हणूनच परिचारिकेने आपल्या व्यवसायातील पुढचे शिक्षण घ्यावे आणि त्याची अधिकृत सनद मिळवावी, असा विषय निघाला की, घरात आणि कधी कधी धर्मग्रामातही एक ठरलेले उत्तर ऐकू येते. सेवेला मन लागते, कागद कशाला हवा?

या उत्तराचा विचार गांभीर्याने करायला हवा, असे आम्हांला वाटते. सनद मिळवणे ही केवळ बढतीची आणि पगारवाढीची बाब असेल, तर तो ज्याच्या त्याच्या महत्त्वाकांक्षेचा प्रश्न ठरेल आणि त्यावर या पानांतून लिहिण्याचे कारण उरणार नाही. परंतु जो परका, असहाय माणूस आपल्या हाती सोपवला गेला आहे त्याच्यावरील प्रीतीचाच तो एक भाग असेल, तर मात्र तो आपल्या सर्वांच्या सदसद्विवेकाचा प्रश्न होतो.

नागपूरकरांना तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. आपले शहर हे मध्य भारताचे एक मोठे रुग्णालयच झाले आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. जुने मेयो रुग्णालय त्याच्याही आधीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश मिशनने सीताबर्डीला स्त्रियांसाठी म्युर मेमोरियल रुग्णालय उभारले. २०१८ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे सुरू झाली. धंतोली आणि रामदासपेठेच्या गल्ल्यांमध्ये तर दारागणिक दवाखान्याची पाटी दिसते. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट आणि छत्तीसगढपासून माणसे शेवटची आशा म्हणून या शहरात येतात. त्यांना उतरवून घेणारे, रात्रभर त्यांच्या नाडीवर हात ठेवणारे कोण असते? त्यात आपल्या धर्मग्रामांतील मुली मोठ्या संख्येने असतात. काही कुटुंबे केरळमधून येऊन येथे स्थायिक झाली, काही छोटा नागपूर व छत्तीसगढच्या आदिवासी भागांतून आली, काही मूळचीच वैदर्भीय. पांढऱ्या गणवेशाने या घरांना अन्न दिले आहे, भावंडांची शिक्षणे केली आहेत. रविवारच्या मिस्साला मागच्या बाकावर डोळे मिटून बसलेली बाई प्रार्थनेत असते की रात्रपाळीने थकून तिचा डोळा लागलेला असतो, हे सांगणे कठीण.

आता 'कागद कशाला' या आक्षेपाकडे वळू. हा आक्षेप अडाणी नाही. आधुनिक परिचर्येची जननी मानल्या गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीच तो सर्वांत जोरकसपणे मांडला होता, हे वाचकांना कदाचित आश्चर्याचे वाटेल. १८५४ साली त्या ३८ परिचारिकांची तुकडी घेऊन क्रिमियाच्या युद्धासाठी निघाल्या. त्या तुकडीत दहा कॅथॉलिक धर्मभगिनी होत्या. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. म्हणजे प्रशिक्षणाचे महत्त्व त्यांच्याइतके कोणीच जाणत नव्हते. तरीही १८८७ नंतर एथेल बेडफर्ड फेनविक यांनी परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांची अधिकृत नोंदणी करावी अशी चळवळ चालवली, तेव्हा नाइटिंगेल त्या चळवळीच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, परिचारिकेचे शील, तिचे अंतःकरण आणि तिची सततची वाढ परीक्षेने मोजता येत नाही. एकदा नाव नोंदवहीत चढले की, ते कायमचे प्रमाणपत्र ठरेल आणि वाढ थांबेल, ही भीती त्यांना वाटत होती. पुढे न्यूझीलंडने १९०१ साली नोंदणीचा कायदा केला आणि इंग्लंडने १९१९ साली; तोवर नाइटिंगेल यांचे निधन होऊन नऊ वर्षे झाली होती.

त्या चुकीच्या होत्या असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. त्यांच्या भीतीत सत्य आहे आणि त्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत. आधी हे पाहू की, अंतःकरण आणि कौशल्य या दोन गोष्टी खरोखर परस्परांपासून वेगळ्या करता येतात का.

आपली भाषा तरी त्या वेगळ्या करत नाही. आजाऱ्याच्या सेवेला आपण 'शुश्रूषा' म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूजवळ बसून शिकू पाहणाऱ्या शिष्याच्या वृत्तीलाही शुश्रूषाच म्हणत. ज्याला ऐकून घेण्याची, शिकण्याची इच्छा आहे तोच सेवा करू शकतो, असे जणू या शब्दाने गृहीत धरले आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार आधारस्तंभ सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे. उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे ते चार गुण. अनुराग, म्हणजे रुग्णाविषयीचे प्रेम, त्यात आहेच. पण तो एकटा नाही, आणि त्याच्या आधी ज्ञान आणि दक्षता सांगितली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या भूमीतील वैद्यांनाही प्रेमळ परंतु अजाण हात पुरेसा वाटला नव्हता.

आपल्या शुभवर्तमानातील दयाळू शमरोनी माणसाचा दाखला सर्वांना तोंडपाठ आहे. आपण तो बहुधा दयेचा दाखला म्हणून ऐकतो आणि तो दयेचा आहेच. परंतु संत लूक, ज्यांना परंपरा वैद्य म्हणून ओळखते, त्या प्रसंगाचे वर्णन किती बारकाईने करतात ते पाहावे. त्या शमरोन्याला जखमी माणसाचा कळवळा येतो. पण तो तेथे हळहळत बसत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. त्या काळी जखम धुण्याचा आणि तिची आग शमवण्याचा हाच माहितीतला उपाय होता. तो पट्ट्या बांधतो. त्याला जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी खर्चासाठी दोन नाणी देतो आणि परत येण्याचे वचन देऊन जातो. प्रत्येक पायरीवर त्याला काय करायचे ते ठाऊक आहे. त्याच्या जागी केवळ कोमल मनाचा, पण जखम कशी बांधावी हे न जाणणारा कोणी असता, तर त्या वाटसरूचे रक्त वाहतच राहिले असते.

याच दाखल्यात नाइटिंगेल यांच्या बाजूचे सत्यही आहे. जे दोघे वळसा घालून पुढे गेले, त्यांना समाजात मान होता, अधिकारपद होते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांच्याकडे सनद होती. ती त्या जखमी माणसाच्या काहीच उपयोगी पडली नाही. तेव्हा प्रभू येशूचा दाखला दोन्ही बाजूंनी कापतो. कळवळा नसलेला अधिकार रस्ता ओलांडून जातो आणि कौशल्य नसलेला कळवळा रस्त्यावरच अडून राहतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी दुःखाविषयीच्या आपल्या १९८४ च्या पत्रात याच दाखल्याचे विवेचन करताना डॉक्टर आणि परिचारिका यांच्या व्यवसायात शमरोन्याचा वारसा पाहिला, तो यामुळेच. व्यवसाय आणि पाचारण हे त्यांना एकमेकांचे शत्रू वाटले नाहीत.

आपल्या ख्रिस्तसभेला हे सहजासहजी उमगले असे मात्र नाही. त्याचा इतिहास आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो थोडक्यात सांगतो. व्रतस्थ धर्मभगिनींनी वैद्यकी करावी, विशेषतः बाळंतपणे करावीत, हे बराच काळ त्यांच्या व्रताशी विसंगत समजले जाई. इकडे भारतात परिस्थिती अशी की, पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत आणि उपचारावाचून मरत. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन नावाच्या स्कॉटिश स्त्री डॉक्टरने उतारवयात कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्यानंतर रोमला वारंवार जाऊन हा निर्बंध उठवावा म्हणून विनवण्या केल्या. त्यांच्या पुढाकाराने रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय निघाले. १९१३ साली त्यांचे निधन झाले तेव्हा निर्बंध तसाच होता. त्यांच्याच प्रेरणेने डॉक्टर झालेल्या अ‍ॅना डेंगल या ऑस्ट्रियन तरुणीने रावळपिंडीत काम केले आणि १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ स्थापन केला. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमहून आदेश निघाला. मिशन प्रदेशांतील माता आणि अर्भके यांच्या आरोग्यासाठी धर्मभगिनींनी हे काम करावे, असे त्यात म्हटले होते. आणि त्यासाठी त्यांनी वैद्यकीची वा परिचर्येची रीतसर पात्रता संपादन करावी, असेही त्यात अपेक्षिले होते.

या दुसऱ्या अपेक्षेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. व्रत घेतलेली, प्रार्थनेत वाढलेली, सर्वस्व अर्पण केलेली स्त्री. तिच्या अंतःकरणाविषयी शंका घेण्याचे रोमला काय कारण होते? तरीही ख्रिस्तसभेने तिला म्हटले की, आधी शीक, परीक्षा दे आणि मग रुग्णाला हात लाव. जे पवित्र व्रताने भरून निघत नाही, ते नुसत्या चांगुलपणाने कसे भरून निघेल?

याची आणखी दोन उदाहरणे आपल्याच देशातील आहेत. ऑस्ट्रेलियातून आलेल्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लावरी यांनी १९२० पासून आंध्रातील गुंटूर येथे रुग्णसेवा केली. १९४३ साली त्यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. एकेकट्या कॉन्व्हेंटच्या दवाखान्याला जे जमणार नाही, ते प्रशिक्षण आणि तो दर्जा सर्वांनी मिळून साधावा, ही त्यांची दृष्टी होती. दुसरे उदाहरण संत मदर तेरेसा यांचे. १९४८ साली लोरेटो कॉन्व्हेंट सोडल्यावर त्या थेट कोलकात्याच्या वस्तीत गेल्या, असा अनेकांचा समज आहे. त्या आधी पाटण्याला गेल्या. तेथील मेडिकल मिशन सिस्टर्सच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांनी काही महिने परिचर्येचे प्राथमिक धडे घेतले. आपल्या भगिनींनी केवळ भात आणि मीठ खाऊन राहावे असे त्यांच्या मनात होते. त्या अनुभवी भगिनींनी त्यांना समजावले की, अशा आहारावर भगिनी स्वतःच क्षयाने आजारी पडतील आणि मग गरिबांची सेवा कोण करणार? मदर तेरेसांनी ते ऐकले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वीस वर्षांच्या व्रतस्थ जीवनानंतर, त्या विद्यार्थिनी झाल्या. त्यांच्या नम्रतेविषयी आपण पुष्कळ ऐकतो. तिचा हा पैलूही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मग सनद म्हणजे नेमके काय? आमच्या मते ती परक्या माणसाला दिलेले वचन आहे. आजारी माणूस जगातील सर्वांत परावलंबी माणूस असतो. बाजारात भाजी घेताना आपण ती पारखून घेतो. शिंप्याचे काम आवडले नाही तर दुसऱ्याकडे जातो. परंतु रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात जो निपचित पडला आहे, त्याला आपल्या शिरेत जाणाऱ्या औषधाची मात्रा बरोबर आहे की नाही हे पारखता येत नाही. श्वसनयंत्राचा आवाज बदलला तर त्याचा अर्थ त्याला कळत नाही. त्याच्या बायकोला, बाहेरच्या बाकावर पदर डोळ्याला लावून बसलेल्या आईलाही कळत नाही. त्यांना विश्वासच ठेवावा लागतो. अशा वेळी समाजाने कोणीतरी आधीच पारख करून ठेवलेली असणे हा त्या माणसावर उपकार नाही, तो त्याचा हक्क आहे. प्रशिक्षण न घेतलेल्या मुलीला गणवेश चढवून परिचारिका म्हणून उभे करणारा दवाखाना त्या रुग्णाशी खोटे बोलत असतो, आणि त्या मुलीच्या गरजेचाही गैरफायदा घेत असतो. आठव्या आज्ञेचा भंग केवळ जिभेनेच होतो असे नाही. तो गणवेशानेही होऊ शकतो.

ही पारख आपल्याकडे कशी होते, हे पालकांनी जाणून घ्यावे. सहायक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका तीन वर्षांची आणि बी.एस्सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांची असते. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालचा. त्या वेळी नागपूर हे मध्यप्रांताच्या राजधानीचे शहर होते. विदर्भ महाराष्ट्रात आल्यानंतर, राज्याच्या निरनिराळ्या भागांतील जुने कायदे एकत्र करून १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. राज्य परिषदेकडे नाव नोंदवणे हा या व्यवसायाचा उंबरठा आहे. आमचा आग्रह उंबरठ्यापुरता नाही. पदविकाधारक परिचारिकेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवी घेता येते. अतिदक्षता, कर्करोग, नवजात अर्भके, हृदयरोग, मनोरुग्ण, शस्त्रक्रियागृह अशा विषयांत एकेक वर्षाचे विशेष अभ्यासक्रम आहेत. पदवीधरांसाठी अतिदक्षतेतील दोन वर्षांचा उच्च अभ्यासक्रम आहे. असे शिक्षण घेतलेल्या हातांचा रुग्णाला काय लाभ होतो, याचा अभ्यास झालेला आहे. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या रुग्णांची पाहणी २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तेथे शस्त्रक्रियेनंतर महिन्याच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. युरोपातील आकडे जसेच्या तसे नागपूरला लावता येणार नाहीत, परंतु त्यांचा रोख स्पष्ट आहे.

येथे एक विसंगती आम्हांला अस्वस्थ करते. आखाती देशांत, इंग्लंडात वा अमेरिकेत जाण्यासाठी आपल्या मुली इंग्रजीची परीक्षा देतात, परिचर्येची परीक्षा देतात, शिकवण्या लावतात. घरची माणसे त्यासाठी कर्ज काढतात, नोव्हेना करतात. परदेशी जाणे हे पाप आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या पैशावर येथील किती चुली पेटल्या, हे आपण जाणतो. परंतु तीच मुलगी येथेच राहून नवजात अर्भकांच्या परिचर्येचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करू म्हणाली, तर घर गप्प होते. गडचिरोलीहून आलेल्या बाळापेक्षा लंडनमधील बाळाला अधिक जाणते हात मिळावेत, असा आपला विश्वास आहे काय? कोणीच तसे म्हणणार नाही. पण आपला खर्च आणि आपली नोव्हेना तेच सांगत असतात.

घरच्या अडचणी खोट्या नाहीत. एक वर्ष पगार बंद राहतो. शुल्क भरावे लागते. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, वडिलांचे औषध. विवाहित असेल तर लहान मूल आणि सासूबाईंचा प्रश्न. आणि या सर्वांच्या मागे न बोललेला विचार असा की, मुलीचे शिक्षण एका मर्यादेपर्यंत ठीक. पुढे तिच्या योग्य स्थळ मिळणार नाही. रुपयांच्या थैल्यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. आपली थैली जमिनीत पुरणाऱ्या त्या चाकराला धनी खडसावतो. येथे मात्र थैली मुलीची असते आणि ती पुरणारे हात आपले असतात. हिशेब कोणाला द्यावा लागेल?

याउलट, आधीच थकलेल्या परिचारिकेच्या माथ्यावर 'तू आणखी शिकली नाहीस' असे नवे पातक ठेवणे, हा अन्यायच ठरेल. बारा तास उभी राहून, तुटपुंजा पगार घेऊन घरी येणारीला नीतीचे पाठ देणे सोपे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना शासकीय परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही ते दरमहा वीस हजार रुपयांपेक्षा कमी नसावे. अशी शिफारस करण्याची वेळ यावी यातच सारे आले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. तेव्हापासून हे आपल्या शिकवणुकीचे अंग आहे, आणि धर्मसंघांनी चालवलेल्या लहानमोठ्या रुग्णालयांनाही ते लागू आहे. ज्ञान हे रुग्णावरील प्रीतीचे अंग आहे हे एकदा मान्य केले, तर त्या ज्ञानाचा सारा खर्च एकट्या परिचारिकेने सोसावा असे म्हणता येणार नाही. तिच्या हातांचा लाभ ज्यांना होतो, त्या सर्वांनी तो वाटून घेतला पाहिजे.

आता नाइटिंगेल यांच्या भीतीकडे परत येऊ. नोंदवहीत नाव चढले की माणूस वाढायचा थांबतो, हे आपण अनेक व्यवसायांत पाहतो. सनद विकतही मिळते, ही आपल्या देशातील लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे. शिवाय सनद नसलेले हातही जाणते असू शकतात. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले. तेथील अर्भकमृत्यूंमध्ये झालेली मोठी घट १९९९ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली; नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. त्या स्त्रियांच्या हाती विद्यापीठाची पदवी नव्हती. पण हा दाखला नीट वाचावा. त्या स्त्रिया केवळ मायाळू होत्या म्हणून बाळे वाचली नाहीत. त्यांना काटेकोरपणे शिकवले गेले, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली गेली, त्यांनी केलेल्या नोंदी वारंवार तपासल्या गेल्या. कागदाचे नाव काहीही असो, पारख तेथेही होती. नाइटिंगेल यांच्या शंकेला खरे उत्तर हेच आहे की, पारख एकदाच करून थांबू नये. सनद ही वाटेतील एक पायरी आहे; दर काही वर्षांनी नव्याने शिकून ती ताजी ठेवावी लागते. आणि जे परीक्षेने मोजता येत नाही, त्याची काळजी घर, प्रार्थना आणि विवेक यांनी घ्यायची असते. ते मोजता येत नाही म्हणून जे मोजता येते तेही मोजू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

धर्मग्रामाने काय करावे? मोठ्या योजनांची गरज नाही. व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी किंवा महिला मंडळ यांनी दरवर्षी एका परिचारिकेच्या एका वर्षाच्या शुल्काची बिनव्याजी सोय केली, तरी दहा वर्षांत दहा जाणते हात उभे राहतील. परीक्षेच्या महिन्यांत तिची मुले शेजारच्या घरी जेवू शकतात. धर्मग्रामाच्या सभागृहातील एखादी खोली रात्रपाळीहून आलेल्या मुलींना दुपारी अभ्यासासाठी शांतपणे मिळू शकते. निवृत्त परिचारिका आपल्याकडे आहेत. अर्ज कसा करावा, नोंदणीचे नूतनीकरण केव्हा करावे, कोणती संस्था मान्यताप्राप्त आहे आणि कोणती नाही, हे त्यांच्याहून चांगले कोण सांगेल? ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला, आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते आणि ती व्हायलाच हवी. त्याच मिस्सामध्ये त्या वर्षी नवी सनद मिळवलेल्या परिचारिकांची नावे वाचली जावीत. विवाहाच्या घोषणा जशा आपण कान देऊन ऐकतो, तशी ही नावेही ऐकावीत. मुलींना आणि त्यांच्या वडिलांनाही त्यातून कळेल की, या शिक्षणाला आपल्या समाजात मान आहे.

आणि परिचारिका भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते की, आपल्या शिकण्याच्या इच्छेबद्दल त्यांनी संकोच बाळगू नये. पुढे जाण्याची इच्छा म्हणजे गर्व, अशी एक अस्पष्ट अपराधी भावना आपल्या भाविक घरांतील मुलींच्या मनात असते. गर्वाला दुसऱ्याहून मोठे व्हायचे असते. शिकू इच्छिणाऱ्या परिचारिकेला आपल्यासमोरच्या खाटेवरील माणसाला नीट ऐकायचे असते. तो बोलू शकत नसेल, तर त्याच्या श्वासाला, त्याच्या नाडीला, त्याच्या अंगाच्या तापाला ऐकायचे असते. हे ऐकणे शिकावे लागते. शुश्रूषा या शब्दाने आपल्याला ते केव्हाच सांगून ठेवले आहे.

प्रभू येशूने आजाऱ्यात स्वतःला पाहायला शिकवले. त्या खाटेवर तोच आहे असे आपण खरोखर मानत असू, तर त्याला कोणते हात लागावेत, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या मुलीला देऊन पाहावे.